मिरचीचं माहेर

नंदुरबार जिल्ह्यात हळद लागलेला असा एकही नवरदेव नसेल, ज्याला माझ्या विहीणबाईंनी नाचवलेलं नाही. मुलीच्या सासरचं कौतुक करावं लागतं म्हणून मी हे म्हणत नाही. तुम्ही शहाद्याहून निघा, तळोद्याला जा, नाहीतर उलटं वळून नवापूरच्या हद्दीपर्यंत जा. लग्नसराईत कुठल्याही मांडवापाशी पाच मिनिटं थांबा. डीजेच्या भिंतीएवढ्या पेट्यांमधून जो खणखणीत आवाज येईल, ज्याने मांडवाच्या कनातीसुद्धा थरथरतात, तो आवाज आमच्या विहीणबाईंचा. शब्द त्यांचे आणि चालही त्यांचीच. सुरतेला पोटासाठी गेलेली आपली मंडळी तिथल्या गल्लीत लग्न काढतात, तेव्हाही हळद यांच्याच गाण्यावर लागते. मी मूळची साताऱ्याकडची. नोकरीसाठी नंदुरबारला आले, शाळेत भूगोल शिकवला आणि इथलीच झाले. अहिराणी मला सगळी कळते, बोलायला गेले की मुलं हसतात. पण विहीणबाईंची गाणी मात्र मला तोंडपाठ आहेत. ती पाठ करावी लागत नाहीत. नंदुरबारात राहणाऱ्या माणसाला ती हवेतूनच चिकटतात.

त्या आमच्याकडे मुलगी बघायला आल्या तो दिवस मी विसरणार नाही. माझी मुलगी बँकेत नोकरीला. आता या बाई शिक्षण विचारतील, स्वयंपाकाचं विचारतील, अशी मी तयारी करून बसले होते. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि मुलीला टाळी वाजवायला सांगितलं. साधा ठेका, मांडवातला. मुलीने वाजवला आणि तिसऱ्या फेरीलाच चुकली. मला वाटलं, मोडलं लग्न. विहीणबाई तिच्याकडे मायेने बघत म्हणाल्या, "पोर गुणी शे. ताल मी शिकाडी देसू." मग माझ्याकडे वळून त्यांनी मलाही टाळी वाजवायला लावली. माझी टाळी ऐकल्यावर त्यांनी चहाच मागितला, त्या विषयावर पुढे कधी बोलल्या नाहीत.

त्यांच्या शेजारपाजारची माणसं त्यांना जपून असतात, कारण कोण कधी गाण्यात जाईल याचा नेम नाही. शहाद्याजवळ ब्राह्मणपुरी हे त्यांचं गाव. तिथे त्यांच्या घराशेजारी एक बाई राहतात. त्यांनी यांचं मोठं पातेलं नेलं आणि परत करायला विसरल्या. विहीणबाई भांडल्या नाहीत. पुढच्या हळदीच्या गाण्यात एक पातेलं आलं. ते शेजारी गेलं, तिथे त्याला करमलं, त्याने तिथेच संसार थाटला, असं ते कडवं होतं. गाणं इतकं चाललं की त्या शेजारणीने पातेलं घासूनपुसून परत आणून दिलं, आणि आता कुठे पाहुणी म्हणून गेली की ती स्वतःहून सांगते, पातेलंवाली ती मीच. गाणी त्यांना सुचतात रिक्षात. घरात सुचत नाहीत, शेतात सुचत नाहीत. रिक्षाचं इंजिन धडधडायला लागलं की ओळी येतात. एकदा स्टेशनवरून त्या माझ्या घरी यायला निघाल्या आणि तासभर आल्याच नाहीत. मी काळजीत. शेवटी रिक्षा आली तेव्हा कळलं की दारासमोरून ती बऱ्याच वेळा गेली होती. अंतरा पुरा झाला नव्हता म्हणून त्या रिक्षावाल्याला पुन्हा पुन्हा फेरी मारायला सांगत होत्या. रिक्षावाला खूश होता. त्याला गाणं सगळ्यात आधी ऐकायला मिळालं.

आणि त्यांचा गळा. गाणाऱ्या बायका गळ्याला जपतात, गरम पाणी पितात, खडीसाखर ठेवतात. आमच्या विहीणबाई गळ्यासाठी मिरचीच्या पथारीवर जातात. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या मैदानांवर ओली लाल मिरची वाळत घालतात. नजर जाईल तिथवर जमीन लाल होते. त्याला इथे पथारी म्हणतात. आम्ही माणसं तिथून जाताना नाकाला रुमाल लावतो. या मात्र रिक्षा थांबवतात, खाली उतरतात, कमरेवर हात ठेवून छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, गळा मोकळा झाला. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे जावई, कीबोर्ड वाजवतात आणि कार्यक्रमांचं सगळं बघतात. ते रिक्षातच बसून शिंकत असतात. अशा आईच्या पोटी आपण कसे जन्मलो याचं त्यांना त्या वेळी खरोखर नवल वाटत असावं.

अशा या बाईने एके दिवशी हळदीची गाणी बाजूला ठेवली आणि समुद्राची, बेटांची, नारळीच्या झाडांची गाणी करायची म्हणून कंबर कसली. त्याला कारण मी झाले.

मे महिना होता. त्या रेकॉर्डिंगसाठी नंदुरबारला आल्या होत्या आणि दुपारी माझ्याकडे पंख्याखाली बसल्या होत्या. पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. पदराने वारा घेत त्यांनी विचारलं, देवाने आपल्याच गावाला इतकं ऊन का दिलं. मी नोकरीतून निवृत्त झाले असले तरी असा प्रश्न कुणी विचारला की माझा हात आपोआप कपाटाकडे जातो. मी पृथ्वीचा गोल काढला. कर्कवृत्त दाखवलं, ते आपल्या उत्तरेला, मध्य प्रदेशातून जातं, म्हणजे आपण उष्ण कटिबंधात, असं सांगितलं. त्यांचं बोट नंदुरबारावर ठेवलं आणि गोल हळूहळू फिरवला. बोट अरबी समुद्र ओलांडून अरबस्तानात गेलं, आफ्रिकेच्या वाळवंटातून अटलांटिकमध्ये उतरलं, क्यूबाच्या अंगावरून मेक्सिकोत गेलं आणि मग नुसत्या निळ्या पाण्यातून पुढे जात जात हवाई बेटांवर येऊन थांबलं. मी म्हटलं, ही बेटं आणि नंदुरबार जवळजवळ एकाच रेषेवर आहेत. तिथेही केळी, पपई, आंबा, ऊस. त्या किती तरी वेळ बोट तिथेच ठेवून होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे हाई बठ्ठं आपलीच गल्लीमाधलं शे."

जन्मभर मी अक्षांश शिकवले. कुणाही विद्यार्थ्याने त्यांना गल्ली म्हटलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी आणखी बोलत गेले. बोलता बोलता सांगितलं की ज्या मिरचीवर आपला बाजार चालतो ती मूळची इथली नाहीच. ती समुद्रापलीकडची, त्याच पट्ट्यातली. जहाजात बसून आली आणि इथे रुजली.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "मंग तिन्हं माहेर तठे शे," त्या म्हणाल्या. "आनि ती परत कधी गयी नही."

मी म्हटलं, कशी जाणार. थोड्या वेळाने त्यांनी रिक्षा बोलवायला सांगितली. कुठे जायचंय विचारलं तर म्हणाल्या, कुठेच नाही.

आठवड्याभरात त्यांनी जाहीर केलं की पुढचा अल्बम 'उन्हना पट्टा' या नावाचा. उष्ण कटिबंध हा शब्द त्यांना गाण्यात बसेना म्हणून त्यांनी स्वतःचा केला. सगळी गाणी अहिराणीत, आणि एकही लग्नाचं नाही. जावयांना घाम फुटला. लग्नसराईच्या आधी दरवर्षी दोन-चार नवी हळदीची गाणी यायची आणि त्यांच्यावर वर्षाच्या सुपाऱ्या मिळायच्या. नंदुरबारच्या स्टुडिओवाल्या शेठजींनीही सांगून टाकलं की समुद्रावर इथे कोण नाचणार, या गाण्यांना मी माझा चॅनल देणार नाही. घरात मायलेकांचं बोलणं बंद झालं. माझी मुलगी मध्ये अडकली. सासूचा निरोप नवऱ्याला आणि नवऱ्याचा सासूला, तोही तिघं एकाच ओट्यावर उभी असताना. शेवटी जावयांचा मला फोन आला. फार अदबीने त्यांनी सुचवलं की तो पृथ्वीचा गोल मी दाखवला नसता तर हे झालं नसतं, तेव्हा आता आईला समजावण्याचंही मीच बघावं.

मी ब्राह्मणपुरीला गेले. मनाशी सगळं जुळवून गेले होते. आधी एकदा समुद्र तरी पाहून या, असं म्हणायचं ठरवलं होतं. कारण गंमत अशी की या बाई कार्यक्रमांना सुरतेला शंभरदा गेल्या असतील, पण समुद्र त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, बघितल्यावर मग गाणं लिहायचं कशाला. आणि माझं पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत त्यांनी शेल्फवरून स्टीलचा पेला घेतला. गाताना त्यांना हातात पेला लागतो. रिकामाच, पण लागतो. दारातल्या पपईच्या झाडांकडे बघत त्यांनी गायला सुरुवात केली.

दर्यापारनी लेक मी, नावमा बठीसन उनू,
नंदुरबारना उन्हमा मी लालेलाल व्हयनू.

चाल संथ होती. जात्यावरच्या गाण्यासारखी, पुढे सरकायची घाई नसलेली. मिरची सांगत होती की सासरी मला सगळ्यांनी घरात घेतलं, माझ्यावाचून कुणाची भाजी होत नाही, पण माझ्या माहेरची बोली इथे कुणाला येत नाही, आणि आता मलाही आठवत नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होते. गाणं संपल्यावर मी, जी त्यांना समजवायला आले होते ती, पुढचं कडवं काय आहे असं विचारलं. ते अजून झालं नव्हतं. मग जावयांची बाजू मांडायची म्हणून मी कसंबसं म्हटलं की लोकांना नाचायचं असतं.

"इतला वरिस मी लोकेस्ले नाचाडं, याहीनबाई," त्या म्हणाल्या. "आते एकदाव त्यास्ले बठाडनं शे."

त्या संध्याकाळी मी जावयांना फोन करून सांगितलं की मी हरले, आईंना आता लोकांना नाचवायचं नाही, बसवायचं आहे. हेही सांगितलं की कीबोर्ड घेऊन त्यांच्यासमोर बसा, कारण तुमच्याशिवाय त्या दुसऱ्या कुणाबरोबर गातील असं मला वाटत नाही. ते बसले. मनातून त्यांनाही बसायचंच होतं.

शेठजींनी स्टुडिओ दिला नाही, म्हणून रेकॉर्डिंग विहीणबाईंच्या केळीच्या बागेत झालं. त्यांना हवं होतंही तेच; पानांचा आवाज गाण्यात पाहिजे म्हणायच्या. जावयांनी माईक केळीच्या खोडांना बांधले आणि स्वतः डास मारत बसले. पहिलं गाणं रंगात आलं आणि वीज आली. शेतातल्या विजेचं ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको: ती आली की शिवारातले सगळे पंप एकदम सुरू होतात. विहीणबाईंचे यजमान, म्हणजे माझे व्याही, अतिशय अबोल गृहस्थ, पंप बंद करायला धोतर सावरत धावले. त्यांना इतक्या वेगात कुणी कधी पाहिलं नव्हतं. विहीणबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. पाइपातून शेताच्या चारीत पाणी कोसळत होतं, त्याकडे त्या कान देऊन होत्या. म्हणाल्या, हाच दर्या. त्या अल्बममध्ये जिथे जिथे समुद्र ऐकू येतो तो ब्राह्मणपुरीचा पंप आहे. माझ्या एका मैत्रिणीने मला विचारलं होतं, तुमच्या विहीणबाई रेकॉर्डिंगला गोव्याला गेल्या होत्या का. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

अल्बममध्ये मीही आहे. हे सांगायचं नव्हतं, पण राहवत नाही. एका गाण्यात मी हजेरी घेते. अगदी वर्गात घ्यायचे तशी. मी एकेक नाव पुकारायचं आणि विहीणबाईंनी गावातल्या बायकांना घेऊन उत्तर द्यायचं. "क्यूबा?" "शे." "हवाई?" "शे." "मेक्सिको?" "शे." आणि सगळ्यांच्या शेवटी "नंदुरबार?" म्हटलं की सगळ्या बायका मिळून इतक्या जोरात "शे" म्हणतात की अंगावर काटा येतो. माझ्या आवाजाला सूर नाही, पण त्यांनी मला तेवढीच जागा दिली जिथे सूर लागत नव्हता. माणसाला कुठे बसवायचं हे त्यांना बरोबर कळतं.

अल्बम त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून इंटरनेटवर टाकला. कळसाडी गावातल्या एका हळदीत पहिल्यांदा गायल्या तेव्हा मी समोर होते. सुरुवातीला पातेल्याचं गाणं झालं, मांडव उसळला. मग त्यांनी मिरचीचं गाणं सुरू केलं. नाचणारी पोरं हात खाली सोडून उभी राहिली, एकमेकांकडे बघायला लागली. कुणी बसलं नाही. एक-दोघे पाणी प्यायला गेले. नवरदेवाच्या मामांनी स्टेजपाशी येऊन नम्रपणे विचारलं की ताई, ते पातेल्याचंच पुन्हा होईल का. विहीणबाईंनी गाणं शेवटपर्यंत म्हटलं, मग पेला खाली ठेवला आणि पातेल्याचं गाणं पुन्हा घेतलं. मांडव पुन्हा उसळला. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. जावयांनी मात्र मान वर केली नाही. आईचं चुकलं हे सिद्ध झाल्याचा त्यांना जरासुद्धा आनंद झाला नव्हता.

नंतर ती गाणी कुणी मागितली नाहीत. लोकांनी पाहिली, पण पातेल्याच्या मानाने काहीच नाही. विहीणबाई पूर्वीसारख्या हसायच्या, कार्यक्रम करायच्या. फक्त रिक्षात गप्प बसायला लागल्या. त्या रिक्षावाल्यानेच एकदा मला विचारलं, ताईंची तब्येत बरी आहे ना. मला त्या अल्बमचा इतका अभिमान वाटत होता की भेटेल त्याला मी ऐकवायचे. दूधवाल्याला, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना, दाताच्या डॉक्टरांना. ते सगळे छान म्हणायचे. पण छान म्हणणं आणि गुणगुणणं यातला फरक मलासुद्धा कळतो.

मग पुढचा हिवाळा आला. त्या माझ्याकडे आल्या होत्या आणि आम्ही दोघी सकाळी शहराबाहेर एका नातलगाकडे निघालो होतो. पथारी लागली तशी त्यांनी सवयीने रिक्षा थांबवली. सगळीकडे लाल मिरची पसरलेली आणि मध्ये बायकांची रांग, डोक्याला फडकी बांधून देठ खुडत बसलेली. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सातपुड्यातल्या बायका. हंगामात कामाला खाली येतात आणि काम संपलं की आपल्या पाड्यांवर परत जातात. मी नाकाला रुमाल लावून रिक्षापाशीच उभी राहिले. त्या बायका गात होत्या. बोली पावरी, मला शब्द कळत नव्हते. पण चाल ऐकून मी रुमाल खाली केला.

ती चाल विहीणबाईंची होती. मध्ये एक वळण बदललेलं होतं, शेवटचा सूर खाली न येता वरच राहत होता, पण चाल तीच. मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, श्वास घ्यायचा मात्र राहून गेला होता.

मी पुढे जाऊन एका बाईला विचारलं, हे गाणं कशाचं. तिने मोडक्या मराठीत सांगितलं की मिरचीचं आहे; मिरची डोंगरातून खाली आली, टेम्पोत बसून आली, आता तिला घरी जायचंय पण टेम्पो परत येत नाही. त्यात दर्या नव्हता, नाव नव्हती. मी विचारलं, गाणं कुणाचं. ती म्हणाली, "आमचंच. जुनं आहे. माझी आई म्हणायची."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. हे गाणं गेल्या वर्षीचं आहे, हे ज्यांनी केलं त्या इथे उभ्या आहेत, यांना ओळखत नाही का तुम्ही. विहीणबाईंनी मागून येऊन माझा दंड धरला. घट्ट धरला. मग स्वतः त्या बाईशेजारी मिरचीच्या ढिगापाशी खाली बसल्या, हाताने देठ खुडायला लागल्या आणि म्हणाल्या की मलाही शिकवा. त्या बाईने त्यांना एकेक ओळ सांगितली. बदललेलं वळण त्यांच्याकडून पहिल्यांदा चुकलं, तेव्हा ती बाई हसली आणि पुन्हा म्हणून दाखवलं. जिल्ह्यातल्या प्रत्येक नवरदेवाला नाचवणारी ही बाई स्वतःचं गाणं दुसऱ्याकडून घोकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शिकवत असताना फार थोड्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

नातलगाकडे आम्ही दुपारी पोचलो. रिक्षात त्यांची बोटं गुडघ्यावर चालली होती. मी न राहवून म्हटलं, सांगायला हवं होतं. त्यांनी मान हलवली. "तिन्ही माय म्हने, सांगं तिनी," त्या म्हणाल्या. "मन्हं गानं एक वरिसमा इतलं म्हतारं व्हयनं."

आता त्या कार्यक्रमात ते गाणं म्हणतात, पण डोंगरातल्या बायकांच्या वळणाने आणि त्यांच्याच टेम्पोच्या शब्दांनी. हळदीत नाचून सगळे दमले, म्हाताऱ्या बायका मांडवाच्या कडेला टेकल्या की जावई कीबोर्डवर एकच सूर धरून ठेवतात आणि विहीणबाई सुरू करतात. लोक बसतात. सगळे नाही, पण बसतात. गाण्याआधी त्या माईकवर सांगतात की हे सातपुड्यातल्या माणसांचं जुनं गाणं आहे, माझं नव्हे. दर वेळी मला वाटतं, उठावं आणि भर मांडवात खरं काय ते सांगून टाकावं. पहिल्या रांगेत त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ठेवलेली असते. मी तिच्यात बसून असते, आजूबाजूच्या बायका हलक्या आवाजात गाणं धरतात, आणि मी उठत नाही.